शेपूट वर येईपर्यंत

“फोटो म्हणजे तोंडच की गं,” सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातला मोबाइल काढून घेऊन त्यांनी तो तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला. “रडणं ऐकव त्याला हवं तेवढं. आवाजाला काही नाही. तोंड नको.”

डब्यावरून श्रीनाथचा आवाज आला, “आई, मी ऐकतोय हं सगळं.”

“ऐक. ऐकायलाच सांगतेय.”

माझी मुलगी तेव्हा सहा दिवसांची होती. तिचा बाप किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरवर, समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर. अठ्ठावीस दिवस तिकडे आणि अठ्ठावीस दिवस घरी, अशी त्याची नोकरी. तो गेला आणि सहाव्या दिवशी ही आली, तारखेच्या दोन आठवडे आधी. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात मराठी बोलणारी आम्ही दोघीच, मी आणि बाळंतपणासाठी कराडहून आलेल्या सासूबाई. त्यांनी जन्मवेळ फोनवरून गुरुजींना कळवली, पलीकडचं ऐकलं, आणि खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

मूळ नक्षत्र.

मुळावर जन्मलेल्या बाळाचं तोंड बापाने सत्तावीस दिवस बघायचं नाही. सत्ताविसाव्या दिवशी मुळाची शांत, म्हणजे पूजा, करायची, बाळाला सुपात ठेवायचं, बापाने आधी काशाच्या वाटीतल्या तेलात त्याचं प्रतिबिंब बघायचं आणि मग बाळाकडे. नाहीतर बापाच्या जिवाला अपाय. हे सगळं मला सासूबाईंनीच समजावलं, डिंकाचे लाडू वळता वळता, जसं एखादीला लसीचं वेळापत्रक सांगावं तसं. लसीचं म्हणायचं कारण, त्या तीस वर्षं अंगणवाडीत होत्या. पोलिओच्या थेंबांना नाही म्हणणाऱ्या बायकांना दारात उभं राहून झापायच्या. करणी, देवऋषी, कशाकशाला म्हणून त्यांनी कधी दारात उभं केलं नव्हतं. म्हणून तर मला उमगेना. याच एका गोष्टीपुढे ही बाई अशी का गोठते?

“आई, तुम्ही मानता हे?” मी विचारलं होतं.

“मी मानते की नाही, तो प्रश्नच नाही,” त्या म्हणाल्या. “नाथाला मी धोक्यात घालणार नाही.”

एवढंच. त्यापुढे वाद नाही, चर्चा नाही.

धाकटा आत्ता झोपलाय. तो उठेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते. थोरलीला, म्हणजे तेव्हाच्या या बाळालाच, ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. शाळेत तिला तिच्या जुन्या वळणाच्या नावावरून चिडवतात, तेव्हा ती आजीला विचारते आणि आजी हसते नुसती.

तर, श्रीनाथ परत येणार होता बाविसाव्या दिवशी. हिशेब सरळ होता. पाच दिवस आधी. आमचं घर एका झोपायच्या खोलीचं. सासूबाईंनी तोडगा काढला, “नाथा शेजारी झोपेल. बाईच्या शेडमध्ये.”

बाई म्हणजे आह मा. ‘आह मा’ म्हणजे त्यांच्या भाषेत आजी; अख्खी गल्ली तिला तेच म्हणायची. सत्तरी उलटलेली, पाठीचा कणा बांबूसारखा सरळ, बाप आणि नवरा दोघेही होडीवरचे तांडेल. घरामागे वाळूत तिची पत्र्याची शेड होती, जुनी जाळी ठेवायची, आणि तिच्यापुढे बांबूच्या गोल सुपांतून ती बोटभर लांबीची मासळी वाळवत घालायची. मला ती मोडक्या इंग्रजीत मलय कालवून बोलायची. सासूबाईंशी तिच्या स्वतःच्या चिनी बोलीत. सासूबाई तिच्याशी मराठीत. दोघींचं बरं चालायचं.

पहिल्याच दिवशी आह माने बाळाच्या अंगावरचं फडकं बाजूला करून तोंड वेंगाडलं आणि काहीतरी म्हणाली.

“काय म्हणते?”

मी कचरत सांगितलं, “म्हणते, काय हे कुरूप पोर.”

सासूबाईंच्या नाकपुड्या फुलल्या. मग मी विचारून घेतलं आणि सांगितलं की यांच्यात बाळाला देखणं म्हणायचंच नाही, नजर लागते, म्हणून मुद्दाम कुरूप म्हणायचं.

“अगं मग ही आपल्यातलीच की!” सासूबाई म्हणाल्या आणि बाळाच्या गालाला काजळाचं बोट लावून त्यांनी तेच बोट आह माच्या गालालाही टेकवलं.

बाविसाव्या दिवसाची सकाळ मला लख्ख आठवते, कारण त्या सकाळी मी कट करत होते. सासूबाई आंघोळीला गेल्या तशी मी कुंपणाशी आले. डोक्याला रुमाल, कानांत कापूस. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. आह मा सुपात मासळी पसरत होती.

“आज रात्री तो येईल,” मी म्हणाले. “सासूबाई निजल्या की मी बाळाला घेऊन शेडच्या खिडकीशी येते. फक्त एकदा बघू दे त्याला. तू कुंपणाच्या दाराची कडी काढून ठेव.”

आह माने मासळीवरून हात फिरवला. “कडी काढून ठेवीन,” ती म्हणाली. “पण तुझ्या सासूला मी खोटं बोलणार नाही.”

“तिला कळणारच नाही.”

“आई आहे ती. बाळंतिणीची चप्पल वाळूत वाजली तरी कळेल तिला.” मग थोडं थांबून, “ती वाईट नाही. ती घाबरलेली आहे. माझा नवरा वादळाच्या आदल्या दिवशी असाच रागीट व्हायचा.”

(तिची भाषा मी माझ्या मराठीत लिहितेय. तिच्या तोंडी ती याहून तुटक होती आणि याहून छान.)

दुपारी सासूबाईंनी स्वतः शेड झाडली. जाळी एका कोपऱ्यात रचली, खाट टाकली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, कराडहून आणलेली गोधडी अंथरली. पोराला भेटायला महिनाभर आसुसलेली आई त्याला घरात घेणार नव्हती, पण गोधडीची घडी चार वेळा सारखी करत होती. मग शांतीसाठी सूप हवं म्हणून त्यांनी आह माकडून एक नवं कोरं बांबूचं सूप मागून आणलं. ते मासळीच्या सुपांच्या चळतीत ठेवलेलं, त्यामुळे त्याला वास होताच.

“देवाच्या कार्याला मासळीचं सूप!” म्हणत त्यांनी ते तीनदा धुतलं, उन्हात ठेवलं, हुंगलं, आणि चौथ्यांदा धुतलं.

संध्याकाळी ते घडलं, ज्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. आह मा एक प्लास्टिकचा डबा घेऊन शेडमध्ये शिरली आणि खाटेच्या चारी बाजूंनी पिवळ्या भुकटीची रेघ ओढू लागली, रांगोळीसारखी.

“हे कशाला?” सासूबाईंनी मला विचारायला लावलं.

“गंधक,” आह मा म्हणाली. “जाळ्यांत उंदीर असतात. उंदरांमागे साप. ही रेघ असली की येत नाही, असं म्हणतात.”

मी मराठीत सांगितलं. सासूबाईंनी तांब्यावरचं भांडं उचलून पुन्हा ठेवलं आणि बाहेर आल्या. दिवेलागणीला त्यांनी देवापुढे निरांजन लावलं, तेव्हा काडी तीनदा विझली. मला वाटलं, वाऱ्यामुळे.

श्रीनाथचं हेलिकॉप्टर सहाला उतरणार होतं, मग कागदपत्रं, मग टॅक्सी. नऊ वाजतील म्हणाला. आठ वाजल्यापासून सासूबाई मागच्या पडवीच्या पायरीवर येऊन बसल्या. मी दाराला टेकून खाली. बाळ आत पाळण्यात, दूध पिऊन गाढ. आह मा लसणाच्या कुड्या घेऊन आली आणि आमच्यात बसली. पडवीच्या दिव्याभोवती पाखरं जमायला लागली तशी तिने उठून दिवाच घालवला.

आणि अंगणापलीकडचा समुद्र एकदम होता तिथे आला. जून महिना, तिकडे तेव्हा पावसाळा नसतो. डोक्यावर चंद्र, पुनवेला चार-पाच दिवस कमी. पाण्यावर त्याचा रस्ता पडलेला. वारा पडला होता.

“एक सांग,” आह मा मला म्हणाली. “बापाने पोर बघायची नाही, असं का?”

“ती जन्मली तेव्हा चंद्र एका वाईट ताऱ्यापाशी होता.”

“कुठल्या?”

“मूळ.”

“कुठे आहे तो?”

मी सासूबाईंना विचारलं, “आई, ही विचारते, मूळ कुठं आहे?”

“कुठं म्हणजे? पंचांगात.”

“आकाशात कुठं आहे, म्हणते.”

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “आकाशात?” त्या म्हणाल्या. जणू तो पत्ता त्यांना कुणी कधी दिलाच नव्हता.

मला माहीत होतं. माझे बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उन्हाळ्यात गच्चीवर नेऊन दाखवायचे: हा विंचू, हे त्याचं लाल काळीज, म्हणजे ज्येष्ठा, आणि ही वळलेली नांगी, ती मूळ. मी आह मासाठी पायरीवरच्या धुळीत बोटाने तो आकडा काढला. लांब धड आणि शेवटी वळण.

आह माने वाकून पाहिलं आणि ती मोठ्याने हसली. लसणाची सालं उडाली.

“विंचू? कोण म्हणतं विंचू? एवढाच तुकडा बघता तुम्ही! हा नागा आहे. अख्खा नागा.”

मलय भाषेत ड्रॅगनला नागाच म्हणतात. मी भाषांतर करायच्या आधीच सासूबाईंनी तो शब्द उचलला होता. त्यांचा हात छातीशी गेला. “नाग? काय म्हणते ही? रात्रीचं नाव नको घेऊ म्हणावं.”

“तो नाग नाही आई. चार पायांचा, शिंगांचा. पाऊस आणतो तो. यांचा देवच म्हणा.”

आह मा उठून पायऱ्या उतरली आणि वाळूत उभी राहून तिने हात थेट डोक्यावर केला, चंद्राकडे.

“तिथून सुरू. चंद्राशेजारी तो पांढरा तारा, ते शिंग. आज चंद्र शिंगावर बसलाय. मग मान. मग छाती.” तिचा हात हळूहळू पूर्वेकडे उतरत होता आणि आमच्या माना त्याच्यासोबत. “मग ते तीन तारे ओळीने, ते पोट. घर म्हणतात त्याला. आणि तो लाल, ते काळीज. माझा बाप म्हणायचा, काळीज पाण्याच्या वर आलं की जाळं टाकायचं. आणि शेपूट अजून पाण्यात आहे. थांबा. येईल.”

मी लहानपणापासून तो विंचू पाहत आले होते, चार बोटांत मावेल एवढा. आणि आता डोक्यापासून समुद्रापर्यंत, अर्धं आकाश व्यापून, काहीतरी जिवंत पाण्यातून वर येत होतं. चंद्र त्याच्या कपाळावर होता. सासूबाई कधी उठून आह माच्या शेजारी वाळूत जाऊन उभ्या राहिल्या, ते मला कळलंच नाही.

“वैजू,” त्या म्हणाल्या, “विचार तिला. चंद्र जिथं आहे, ती चित्रा ना?”

मला ते सांगता येत होतं. “हो आई. चित्रा.”

“आज चित्राच आहे. सकाळी पाहिलं मी पंचांगात.” त्यांनी डोक्यावरच्या त्या शुभ्र ताऱ्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि मोजायला लागल्या. “चित्रा. स्वाती. विशाखा…”

आह माने ते पाहिलं. तिला मराठी कळत नव्हतं, पण बोटाच्या पेरांवर मोजणं कळत होतं. तिनेही अंगठा करंगळीला लावला आणि आपल्या बोलीत मोजू लागली. शिंग. मान. छाती. दोघी समोरासमोर उभ्या, दोघींचे अंगठे पेरापेराने सरकत.

“अनुराधा.”

पोट.

“ज्येष्ठा.”

काळीज.

“मूळ.”

शेपूट.

दोघींचे अंगठे एकाच पेरावर थांबले. आह माने सासूबाईंच्या हाताकडे पाहिलं, सासूबाईंनी तिच्या. कराडच्या एका बाईने आणि या किनाऱ्यावरच्या एका बाईने कधीही न भेटता, कधीही न विचारता, एकाच वाटेवरची तीच सहा घरं पाठ केलेली होती. मागे समुद्राने एक लाट टाकली आणि ओढून घेतली.

“पाच दिवसांनी चंद्र शेपटीवर उतरेल,” आह मा म्हणाली.

“पाच दिवसांनी सत्तावीस होतात,” मी मराठीत म्हणाले, आणि म्हणता म्हणता मलाही तेव्हाच कळलं, सत्तावीस म्हणजे काय ते. चंद्र सगळ्या आकाशाला फिरून तिच्या जन्माच्या जागी परत येणार होता. एवढंच ते होतं.

“शेपूट वाईट असते का म्हणावं यांच्यात?” सासूबाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

आह माला प्रश्नच नीट समजला नाही. मी दोनदा विचारला. “वाईट?” ती म्हणाली. “शेपटीला नऊ तारे. नऊ पोरं ती. ज्या बाईला मूल होत नाही, ती त्या शेपटीकडे बघून उदबत्ती लावते. मी लावली, सहा वर्षं. मग मला थोरला झाला. तुमची पोर तिथूनच आलीय. भाग्यवान. आणि तुम्ही तिला लपवून ठेवता?”

मी ते सगळं, शेवटच्या वाक्यासकट, सांगितलं.

तेवढ्यात पाण्याच्या रेषेवर एक ठिणगी दिसली. होडीचा दिवा वाटला. मग दुसरी तिच्या खाली, थोडी डावीकडे. मग वळण घेऊन दोन जवळजवळ, जोडीने, जुळ्यांसारखे. आह मा नुसती बोट वर करून उभी होती. शेपूट पाण्याबाहेर येत होती.

“तेच?” सासूबाई म्हणाल्या.

“तेच आई. ते मूळ.”

अठ्ठावन्न वर्षांची ती बाई हात जोडायचे की नाही हे न सुचून तशीच उभी राहिली. “किती सुंदर आहे गं,” त्या म्हणाल्या. “मला कुणी दाखवलंच नाही कधी.”

त्या वाळूतच खाली बसल्या. मी कानातला कापूस काढला आणि त्यांच्याजवळ गेले.

“मी मुळाची आहे, वैजू.”

लाट आली, गेली.

“लग्नात लपवलं. मुळाची सून सासऱ्याला बाधते म्हणून रोहिणी नक्षत्र सांगितलं. नाव बदललं. माझं माहेरचं नाव येसू. मुळाचं अक्षर ना ‘ये’. माझे सासरे नव्वद वर्षं जगले. रोज पहाटे त्यांचा खोकला ऐकू येईपर्यंत मी अंथरुणात डोळे मिटून पडायची. बावीस वर्षं. खोकले की उठायची.”

मी त्यांचा हात धरला.

“आणि तुमचे वडील?”

“आमचं घर एका खोलीचं. तोंड दिसू नये म्हणून आज्जीनं त्यांना मळ्यात झोपायला पाठवलं. खोपीत. आत्या भाकरी पोचवायची. एकोणिसाव्या दिवशी सकाळी गेली, तर…” त्या थांबल्या. “पान लागलं होतं.”

पान लागलं, म्हणजे साप चावला. रात्री त्याचं नाव घेत नाहीत आमच्याकडे.

“गाव म्हणालं, पोरीनं बापाला खाल्लं. मी पण तेच म्हणत आले. वैजू, पण त्यांनी तर माझं तोंड पाहिलंच नव्हतं. पाहिलं नाही, तरी गेले.” त्या एकेक शब्द असा टाकत होत्या, जसा काट्यावर एकेक वजनाचा तुकडा ठेवावा. “मळ्यात नसते गेले, तर…”

मान वळवून त्यांनी आह माच्या शेडकडे पाहिलं. उघड्या दारातून खाट दिसत होती, तिच्यावर कराडची गोधडी, उशाशी तांब्या, आणि चंद्राच्या उजेडात भोवतीची ती पिवळी रेघ.

“अगं बाई,” सासूबाई म्हणाल्या. “मी काय करत होते?”

गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीचे दिवे वळले.

त्या उठल्या त्या वयाला न शोभेलशा चपळाईने. घरात गेल्या. श्रीनाथ, बिचारा, सांगितल्याप्रमाणे घराकडे न येता बाजूच्या बोळाने सरळ शेडकडे गेला. पाठीवर बॅग, आमच्याकडे पाठ. दाराशी उभा राहून त्याने हाक दिली, “आई, आलो गं. मी बघत नाहीये हं! वैजू, बरी आहेस ना?”

मी वाळू झटकत उठले.

सासूबाई बाहेर आल्या. हातात ते चारदा धुतलेलं सूप, सुपात मऊ साडीचा घडीदार तुकडा आणि त्यात माझी मुलगी, मुठी आवळून झोपलेली. संध्याकाळनंतर बाळाला उंबऱ्याबाहेर काढू नये हा नियमही त्यांचाच होता. काशाची वाटी त्यांनी आतच ठेवली होती.

आह मा समुद्राकडे बघत काहीतरी म्हणाली. शेपटीच्या मागोमाग चार तारे पाण्यातून वर आले होते, जवळजवळ, तिरपे. मी विचारलं, आणि ऐकून माझा मलाच विश्वास बसेना.

“आई, ही म्हणते, शेपटीच्या मागे येतं ते सूप आहे. यांच्या आकाशात तिथे सूप आहे. धान्य पाखडायचं.”

सासूबाईंनी ते चार तारे पाहिले. मग हातातलं सूप पाहिलं. “मग शांत आणखी काय वेगळी असते,” त्या म्हणाल्या.

आह माने आणखी थोडं जोडलं: चंद्र सुपात गेला की वारा सुटतो, होड्या काढायच्या नाहीत, आणि सुपाचं तोंड मोठं, म्हणून गावभरच्या चहाड्याही त्यातूनच निघतात. सासूबाई तशातही हसल्या. “त्या सगळीकडं त्यातूनच निघत असणार.”

मग त्या वाळूतून चालत शेडपर्यंत गेल्या. पोराच्या पाठीमागे चार पावलांवर थांबल्या.

“नाथा. मागं वळ.”

“आई, अजून पाच दिवस…”

“वळ म्हणते ना.”

तो वळला. पण डोळे घट्ट मिटून. सहा फुटांचा माणूस, लहान मुलं लपाछपीत उभी राहतात तसा.

“उघड.”

“नक्की?”

“उघड रे बाळा,” सासूबाई म्हणाल्या. “बघ तिच्याकडं. पोटभर बघ.”

आह माने शेडच्या दाराशी हात नेऊन दिव्याचं बटण दाबलं. पिवळा उजेड थेट बाळाच्या तोंडावर पडला. पोरीने नाक मुरडलं, ओठ काढला, आणि जे भोकाड पसरलं ते समुद्रापर्यंत गेलं.

“हा आवाज ओळखतो मी,” श्रीनाथ म्हणाला. आणि सुपावर वाकला.

आह मा त्याच्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, “कुरूप आहे, नाही?”

त्या रात्री तो घरातच झोपला, पाळण्याशेजारी जमिनीवर, गोधडी अंथरून. शेडमधली पिवळी रेघ आह माने सकाळी झाडून टाकली.

सत्ताविसाव्या दिवशी गुरुजींचा फोन आला. साहित्य मांडलं का, विचारत होते. सासूबाईंनी बाहेर जाऊन फोन घेतला. “झाली शांत गुरुजी,” असं म्हणताना मी ऐकलं. “हो. सगळं व्यवस्थित. सूपसुद्धा मिळालं.” मग आत येऊन मला म्हणाल्या, “बारशाला नाव मी सांगितलं तर चालेल तुला?”

कुठलं, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

संध्याकाळी पुनवेचा चंद्र समुद्रातून वर आला, थाळीएवढा, तांबूस. तो शेपटीवर होता. इतका उजेड की शेपटीचे तारेच दिसेनात. श्रीनाथ बाळाला खांद्यावर घेऊन पडवीत येरझाऱ्या घालत होता. सासूबाई मात्र खाली वाळूत, आह माच्या पालथ्या घातलेल्या जुन्या होडीवर जाऊन बसल्या होत्या. एकट्याच. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता आणि तो त्यांनी सावरला नव्हता. मान मागे टाकून, डोळे मिटून, चंद्राच्या उजेडात त्यांनी आपला चेहरा अगदी समोर धरला होता, बघायचं राहून गेलेल्या कुणाला तरी दाखवावा तसा.

मी पायरीवरून हाक मारली, “आई, दव पडतंय. येताय ना आत?”

त्यांनी मान हलवली नाही.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “बघू दे त्यांना.”